आगगाडीच्या जुन्या आकड्यांचा नवा उपयोग
(इयत्ता चौथीसाठी पाठाचे टाचण)

टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साधने करण्याची चाल आपल्या शाळांत जुनी आहे. तथापि वस्तू टाकाऊ का ठरली, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास लघुरूप आगगाडीचे उदाहरण सोयीचे आहे.

विषयप्रवेश : अमेरिकेत लघुरूप आगगाड्यांचा छंद फार लोकप्रिय आहे. तेथील बहुप्रचलित गाड्या मूळ गाडीच्या सुमारे १/८७ मापाच्या असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा गाड्यांच्या डब्यांना शिंगासारखे टोक असलेला प्लॅस्टिकचा आकडा, म्हणजे कपलिंग, असे. तो स्वस्त होता. परंतु खऱ्या आकड्यासारखा दिसत नसे. पुढे मुडपलेल्या बोटांच्या आकाराचा आणि रुळांखालील लोहचुंबकाने सुटणारा आकडा प्रचारात आला व जुने आकडे ढिगाने उरले.

जुन्यांचे उपयोग : छांदिष्टांनी ते सर्वच फेकले नाहीत. जे डबे कधी सोडवावयाचे नसतात, त्यांच्या मध्ये जुने आकडे तसेच राहिले. काहींनी एका टोकास जुना व दुसऱ्या टोकास नवा आकडा असलेला ‘दुव्याचा डबा’ केला. त्यामुळे जुन्या व नव्या गाड्या एकत्र धावू लागल्या. उरलेले आकडे गंजक्या रंगाने रंगवून उघड्या मालडब्यांत भंगाराचा माल म्हणून भरण्यात आले.

मुख्य बोध : खेळण्यात आकडा बदलला तो सोयीसाठी, खऱ्या रेल्वेत तो बदलला माणसाच्या जिवासाठी. अमेरिकेत पूर्वी कामगारास दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून कडी धरावी लागे व तीत खिळा घालावा लागे. त्यात अनेकांची बोटे तुटली, कित्येक चिरडून मेले. इलाय जॅनी याने १८७३ मध्ये आपोआप जुळणाऱ्या आकड्याचे पेटंट घेतले. परंतु असे आकडे सक्तीचे करणारा कायदा १८९३ मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी १९०० मध्ये सुरू झाली. शोध लागला एवढ्याने माणूस वाचत नाही. समाजाने तो स्वीकारावा लागतो.

कृती : दोन विद्यार्थ्यांनी समोरासमोर उभे राहून उजव्या हाताची बोटे मुडपून एकमेकांत अडकवावी व हळू ओढावे. जॅनीच्या आकड्याचे तत्त्व त्यांस तत्काळ कळेल. नंतर रिकाम्या आगपेट्यांचे डबे करावे. काहींना दोऱ्याची कडी, काहींना मऊ तारेचा आकडा लावावा. दोन्ही प्रकारांस जोडणारा दुव्याचा डबा विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावा. शिक्षकांनी आधी सांगू नये. तारेची टोके दुमडण्याची दक्षता घ्यावी.

गणित : १३० सेंटिमीटर उंचीचा मुलगा १/८७ मापात किती उंच दिसेल? (उत्तर : सुमारे दीड सेंटिमीटर.) शोध व कायदा यांत किती वर्षे गेली? (उत्तर : २०.)

सूचना : लोहमार्गाजवळील गावांतील शिक्षकांनी, उभ्या गाडीच्या दोन डब्यांमधून वा गाडीखालून कधीही जाऊ नये, हे मुलांकडून वदवून घ्यावे. गाडी केव्हा हलेल हे तिच्याखाली वाकलेल्यास कळत नाही.

मूल्यमापन : घरातील एखादी मागे पडलेली वस्तू प्रत्येकाने सांगावी, ती का मागे पडली, तिच्या जागी काय आले आणि ती अद्याप कोठे उपयोगी पडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावी. कंदील, जाते, पाटी अशी उत्तरे येतील. ज्यास तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली, त्यास पाठ समजला असे मानावे.