जुना छोटा ट्रॅक्टर : वापर आणि निगा



दोन-तीन एकर उसासाठी मोठा ट्रॅक्टर परवडत नाही, आणि बैलजोडी वर्षभर पोसायची म्हटली तर तेही आता जड जाते. म्हणून पुष्कळ सभासद दहा-पंधरा वर्षे चाललेला छोटा ट्रॅक्टर घेतात. आपल्याकडे बहुधा दोन जातींचे दिसतात. मित्सुबिशी शक्तीचा साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा; आणि महिंद्राचा युवराज, पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा. एका सिलिंडरचे इंजिन हादरे जास्त देते, म्हणून त्याचे नट-बोल्ट आठवड्याला पान्याने तपासावे लागतात. बाकी निगा दोघांची सारखीच.

घेताना रंग बघू नये. इंजिन गार असताना आपल्यासमोर चालू करायला सांगावे. आपण पोचण्याआधीच तापवून ठेवलेले दिसले तर सरळ दुसऱ्या दिवशी जावे. चालू झाल्यावर धूर बघावा. जोर लावताना थोडा काळा धूर चालतो. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑईल जाळते आहे, म्हणजे रिंगा-लायनरचा खर्च आला. ऑईलची कांडी काढून बघावी. ऑईल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. आरसी बुकावरचा चासी नंबर ताडून पाहावा आणि कर्जाचा बोजा उतरला आहे ना, याची खात्री करावी.

आता काम. साडेचार-पाच फुटी सरीत बाळभरणीची हलकी मशागत, तण काढणे, खोडव्याच्या बगला फोडणे, फवारणी, ही या ट्रॅक्टरची खरी कामे. तीन फुटी रोटाव्हेटर तो ओढतो. पाचटाची कुट्टी करण्याचे यंत्र त्याला जोडू नये, ते मोठ्या ट्रॅक्टरचे काम. कारखान्याला ऊस आणायची ट्रॉलीही जोडू नये. ओढून नेईलही एखाद्या वेळी, पण उतारावर ती ट्रॉली थांबवायची ताकद त्याच्या ब्रेकमध्ये नाही. आणि अडसाली उसात भाद्रपदात वाफसा नसताना ट्रॅक्टर घालण्याची घाई होते, तीही नको. चाक रुतते, क्लच जळतो आणि सरीतली माती दाबली जाते ती वेगळीच.

जुने इंजिन वयाने कमी आणि धुळीने जास्त मरते, असे आमचे मत आहे. एअर क्लीनरमधून धूळ आत गेली की ती पिस्टनच्या रिंगा कानसेसारखी घासते. ऑईलबाथ क्लीनर असेल तर कोरड्या रानात रोज, म्हणजे आठ-दहा तासांच्या कामानंतर, त्याची वाटी काढून बघावी. तळाला गाळ बसला असेल तर डिझेलने धुऊन नवे ऑईल खुणेपर्यंतच भरावे. जास्त चांगले म्हणून खुणेच्या वर भरू नये. ते ऑईल इंजिनात ओढले जाते आणि इंजिन आपोआप पळू लागते. क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईपही वाकवून बघावा. त्याला चीर असेल तर क्लीनर धुतल्याचा काही उपयोग नाही.

ऑईल बदलायचे तासांवर असते, पण जुन्या ट्रॅक्टरचे तासमीटर बहुधा बंद पडलेले. यावर एक सोपी युक्ती आहे. टाकी काठोकाठ भरावी, पाच तास काम करावे, पुन्हा भरावी. समजा नऊ लिटर बसले, तर तासाला १.८ लिटर. म्हणजे १८० लिटर डिझेल संपले की शंभर तास झाले. डिझेलच्या पावत्या एका वहीत चिकटवल्या की तासमीटर नको. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या तासांना ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. नुसते ऑईल बदलून जुना फिल्टर ठेवणे म्हणजे आंघोळ करून मळकी बंडी घालणे.

डिझेल संध्याकाळी काम संपल्यावर भरावे. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते. टाकी कोरडी पडून इंजिनाने एअर घेतली तर आधी फिल्टरवरचा आणि मग पंपावरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा. नॉझलमधून फवारा येतो का ते बोटाने बघू नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते. तसे झालेच तर जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

रेडिएटरला बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये. कूलंट किंवा पावसाचे साठवलेले पाणी घालावे. उसाच्या रानात जाळीत पाचटाचा भुसा अडकतो. तो पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून काढावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

यंत्राचे झाले, आता माणसाचे. सेल्फचे बटण बिघडले की स्टार्टरला पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची आपल्याकडे सर्रास खोड आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर चाकाजवळ उभ्या माणसाच्या अंगावरूनच तो जातो. बटण दुरुस्त करावे आणि सीटवर बसूनच चालू करावे. दुसरे, पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणे, धोतराचा सोगा, पदर त्यात अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे फुटलेले प्लॅस्टिक आवरण नवे बसवावे. रोटाव्हेटरला गुंडाळलेले पाचट काढताना नुसता पीटीओचा लिव्हर काढून भागत नाही. इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, आणि वर उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय हात घालू नये.

ओढायचे काहीही मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावे. टॉपलिंकला साखळी बांधून रुतलेली गाडी ओढू गेलात तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर दीड सेकंदात मागे पालथा होतो. उडी मारायलाही सापडत नाही. अवजार उचलून बांध चढताना पुढचा भाग हलका वाटला तर पुढे वजने लावावीत. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेकची पॅडले पट्टीने जोडून घ्यावीत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. आणि मडगार्डवर पोर बसवायचे नाही, कितीही रडले तरी.

मोठी बांधणी झाली, ऊस मिटला, की ट्रॅक्टर काही महिने छपरात उभा राहतो. त्या वेळी बॅटरीची अर्थची तार सोडून ठेवावी. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. क्लचचे पॅडल दाबून लाकडी दांडक्याने अडकवून ठेवावे; दमट हवेत प्लेट चिकटून बसते, ती अशाने बसत नाही. पंधरवड्यातून एकदा डबा, दांडके काढून, बॅटरी जोडून, इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावे. त्याआधी बॉनेट उघडून वायरी बघाव्यात, कारण उंदीर तिथेच घर करतात.