माळरानावरील झुडपांची व्यवस्था

सोलापूर, अहिल्यानगर, सांगली व पुणे या जिल्ह्यांतील कमी पावसाच्या पट्ट्यात ज्या जमिनीस आपण माळ म्हणतो, ती पुष्कळदा ‘पडीक’ समजली जाते. वस्तुतः माळ पडीक नसतो. त्यावर मारवेल, पवन्या यांसारखी सकस गवते उगवतात. गावची गुरे व शेळ्यामेंढ्या त्यावर पोसतात. आणि काळवीट, चिंकारा, ससा, खोकड, तितर, लावा, चंडोल यांचे तेच घर असते. संस्थानी काळात अशा माळांवर शिकार चाले. कोल्हापूर दरबारात तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत असत. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आली. परंतु केवळ शिकार थांबल्याने प्राणी वाचतातच असे नाही. त्यांचे घर परक्या झुडपांनी बुजून गेले, तर बंदुकीवाचूनही ते नाहीसे होतात.

कोणते झुडूप ठेवावे?

काळवीट तीक्ष्ण दृष्टी व वेग यांच्या बळावर आपला बचाव करतो. त्यास उघडा माळ हवा. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. याउलट, तितर रात्री काटेरी झाडाझुडपांवर बसतो व ससा दिवसा गवताझुडपांच्या आडोशाला पडून राहतो. म्हणून सर्व झुडपे तोडणे जितके चुकीचे, तितकेच सर्व वाढू देणेही चुकीचे होय. बोर, हिवर, तरवड, हेंकळ ही मूळची झुडपे विरळ पुंजक्यांनी राखावीत व मधला माळ गवतासाठी मोकळा ठेवावा.

कोणते काढावे?

वेडी बाभूळ व घाणेरी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असून एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आणल्या गेल्या. त्यांच्या दाट जाळीखाली गवत टिकत नाही. घाणेरीचा पाला खाल्ल्यास जनावराच्या यकृतास इजा होते व उन्हाने कातडीस जखमा पडतात. शिवाय अशा जाळीत रानडुकरांना दिवसभर आसरा मिळतो व रात्री ती शेजारच्या पिकात शिरतात. म्हणजे ही जाळी काढण्यात वन्यजीवांचे हित आहे, तसेच शेतकऱ्याचेही आहे.

माळावर दाट वृक्षारोपण करणे हेही पुण्यकर्म समजू नये. सोलापूरजवळील नान्नज परिसरात १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. माळढोकास दूरवर नजर पोहोचेल असा उघडा गवताळ माळ लागतो. तेथे मात्र काही भागांत गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. अन्य कारणांबरोबर माळाचे हे बदललेले रूपही त्यास मारक ठरले. आज हा पक्षी महाराष्ट्रात क्वचितच दृष्टीस पडतो.

काढण्याची वेळ व रीत

माळावरील अनेक पक्षी उन्हाळ्यात व पावसाळ्यात जमिनीवर घरटी करतात. यास्तव हे काम पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकापासून माघापर्यंत करावे. आरंभी जमिनीत ओल असल्याने मुळे सहज निघतात.

१. घाणेरी वरून छाटू नये. ती पुन्हा जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने तोडावे आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही.

२. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडल्यास तिला अनेक फुटवे येतात. सुमारे एक फूट खणून बुंध्याचा गड्डा मुळापासून काढावा. काटे पायात खोल शिरतात, म्हणून जाड तळाचे जोडे घालूनच काम करावे.

३. सर्व माळ एकाच वर्षी मोकळा करू नये. त्याचे तीन भाग पाडून दरवर्षी एक भाग साफ करावा, म्हणजे प्राण्यांचा आसरा एकदम नाहीसा होत नाही.

४. निघालेले सरपण वाटून घ्यावे. राहिलेल्या काट्यांचे थोडे ढीग पिकापासून दूर रचून ठेवावेत. लहान प्राण्यांना ते उपयोगी पडतात. माळास आग कदापि लावू नये.

नंतरची निगा

खरी कसोटी पुढेच आहे. घाणेरीची फळे पक्षी खातात व बी दूरवर टाकतात; वेड्या बाभळीच्या शेंगा गुरेशेळ्या खातात व बी शेणालेंड्यांतून पसरते. म्हणून निदान दोन-तीन वर्षे, पावसाळ्यानंतर माळावर फेरी मारून नवी रोपे हाताने उपटावीत. मोकळ्या झालेल्या भागात मारवेल व पवन्या यांचे बी टाकावे आणि गवत बी धरेपर्यंत तेथे चराई बंद ठेवावी. गवत कापताना चार बोटे बुडखा राखावा.

परवानगी

गायरानावर काम करण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव करावा व महसूल खात्याची संमती घ्यावी. वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीवाचून कुदळ मारू नये. त्या माळावर मेंढपाळ येत असतील, तर चराईबंदीचा भाग त्यांच्या विचारानेच ठरवावा. अन्यथा बंदी टिकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एक-दोन एकरांचाच तुकडा निवडावा आणि साफ केलेला व न केलेला भाग शेजारी शेजारी ठेवावा. पुढील पावसाळ्यानंतर दोन्हींकडील गवताच्या पेंढ्या मोजून दाखवाव्यात. गवत परत आलेले शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे उरलेला माळ राखण्यास ते आपण होऊन पुढे येतील.