शहरं नको, रात्री मोज

बाळा, दिवाळीच्या सुट्टीचं तुझं टिपण वाचलं. दहा दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम! सोबत दादा-वहिनी, सूनबाई आणि सहा वर्षांची परी. हौस दांडगी आहे, आणि ती असावीच. पण पहिल्या खेपेला मीही असाच कागद केला होता. ह्यांच्या आठवणीत व्हेनिस म्हणजे स्टेशनच्या पायऱ्या आणि हातातली जड बॅग, एवढंच उरलं. म्हणून सांगते.

१. आधी कॅलेंडरवर फक्त रात्री लिही — पहिला दिवस सांगली ते मुंबई आणि विमानात जातो, शेवटचा परतीत. दहा दिवसांच्या सुट्टीत तिकडे झोपायच्या रात्री उरतात सातच.

२. सात रात्रींना दोनच मुक्काम ठेव, पॅरिसला तीन आणि ल्युसर्न किंवा इंटरलाकेनला चार — गाव बदलायचं म्हणजे आवरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नवी खोली शोधणं. अर्धा दिवस गेलाच. बॅग जितक्यांदा भरावी, सहल तितकी रिकामी.

३. रोम सोडवत नसेल तर आपल्याकडचं आठव. कास, ठोसेघर, सज्जनगड आणि अजिंक्यतारा एका दिवसात उरकणारे पाहुणे दर सप्टेंबरात साताऱ्याला माझ्याकडे उतरतात — रात्री जेवताना फुलांचं विचारलं तर पार्किंगचंच सांगतात.

४. पॅरिसला उतर आणि झुरिकहून परत ये; तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवड — आलेल्या वाटेने मागे फिरायचा दिवस वाचतो. मधला पॅरिस-झुरिक प्रवास रेल्वेनेच कर, थेट गाडीला चारेक तास लागतात आणि ती गावातून निघून गावातच सोडते.

५. विमानतळाचं नाव वाचून थांबू नकोस, नकाशावर बघ — साताऱ्याचं स्टेशन जसं माहुलीला, तसं बोव्हेचं विमानतळ ‘पॅरिस’ म्हणवतं, पण शहरापासून जवळपास ८० किलोमीटरवर आहे.

६. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोघांनी मोठ्याने वाचा — २५ तारखेचं ००:४० म्हणजे २४ च्या संध्याकाळीच विमानतळावर हजर राहायचं. आम्ही एकदा २५ ला सकाळी डबे भरत बसलो होतो. तो दिवस अजून विसरले नाही.

७. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर, तेव्हा रात्रीच्या विमानालाही सकाळीच निघ — दिवाळीत महामार्ग कुठे तुंबेल, हे टोलवाल्यालाही सांगता येत नाही.

८. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे — म्हणजे या बेतात स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तिथे. म्हणून मुक्काम ठरल्याशिवाय कागदांना हात लावू नकोस. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा तो गणपतीच्या आधीच कर. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

९. परीचा पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघ — लहान मुलांना तो ५ वर्षांचाच मिळतो, आणि तिचा पहिल्या वाढदिवसाला काढलेला आहे. सगळ्यांचेच पासपोर्ट तिथून निघायच्या तारखेपुढे किमान ३ महिने चालायला हवेत.

१०. बंद वार आधी लिही, मग बाकीचं: लूव्र मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी — बंद दारापुढे काढलेला फोटो घरी कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

११. उतरल्या संध्याकाळचं एकही तिकीट काढू नकोस — ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. मग तिथले रात्रीचे आठ म्हणजे दादाच्या अंगाला साडेबाराच. अंधारही लवकर पडतो, तेव्हा सकाळी एक ठरलेली गोष्ट, दुपारी एक मनात आली तर. तिसरी लिहूच नकोस.

१२. डोंगराचा दिवस घरून पक्का करू नकोस, चारातले दोन दिवस मोकळे ठेव — युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे. ढग असले तर एवढे पैसे देऊन पांढरी भिंत बघावी लागते. त्या सकाळी वरचा कॅमेरा बघूनच तिकीट काढ. दादाला रक्तदाब आहे, त्याच्या डॉक्टरांना इथेच विचार. नोव्हेंबरात काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, त्यांच्या तारखाही बघून घे.

१३. कंदी पेढे इथेच वाटून जा, सांगलीची भडंग भरपूर घे — युरोपात बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि पेढा शेवटी खव्याचा. पोटात काही नसलं की आयफेलही नुसता खांब दिसतो. परीसाठी एक पुडी तुझ्या खिशातच असू दे.

१४. परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर जायचं ठरवू नकोस — मुंबईला सकाळी उतरलात तरी पुढे घाट, खंबाटकी आणि पेंगुळलेली परी आहेच. साताऱ्याला गाडी आत घे. अंथरुणं घातलेली असतील, पिठलं-भाकरी करते. शिरवळ सोडलंत की फोन कर, म्हणजे तवा तापत ठेवीन.