अडलेला उच्छ्वास

धाप लागली म्हणजे हवा आत जात नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ज्या रोगांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे, त्यांत हवा आत शिरते. अडते ती बाहेर पडताना. श्वास घेताना छाती फुगते व तिच्यासवे श्वासनलिकाही किंचित रुंदावतात. श्वास सोडताना त्या आक्रसतात. नलिका निरोगी असतील तर हे कळतही नाही. परंतु त्या सुजलेल्या वा कफाने भरलेल्या असल्या, तर शिळी हवा आतच कोंडून राहते आणि ताज्या हवेस जागा उरत नाही. रोगी पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसतो, तो याच कारणाने.

अशा रोगांत दोन प्रमुख. दमा बहुधा बालपणीच सुरू होतो, येतो नि ओसरतो, आणि औषधाने नलिका पुष्कळ अंशी मोकळ्या होतात. दुसरा, डॉक्टर ज्यास 'सी.ओ.पी.डी.' म्हणतात तो, चाळिशीनंतर हळूहळू वाढतो. त्यात नलिका कायमच्या अरुंद होतात व वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजून फाटतात. भारतात २०१६ साली या दुसऱ्या रोगाचे सुमारे साडेपाच कोटी व दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. आपल्याकडे मात्र दोहोंस मराठीत 'दमा' व गुजरातीत 'दम' म्हणून मोकळे होतात, किंवा 'वय झाले' म्हणून सोडून देतात. हे दुसरे अधिक घातक.

कारणांत विडी-सिगारेट अग्रभागी आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण जन्मात विडीला न शिवलेल्या आजीला धाप का लागावी? नवागामातील पुष्कळ कुटुंबे खानदेशातून आलेली. तिकडे चुलीत पऱ्हाट्या, गोवऱ्या घालून फुंकणीने जाळ करण्यात आयुष्यातील किती तास गेले, याचा हिशेब त्या आजीस विचारावा. तो धूरही फुप्फुसात तेच काम करतो. रात्रभर बंद खोलीत जळणारी मच्छर-अगरबत्तीही निरुपद्रवी नव्हे. बालपणी झालेले न्यूमोनिया व बरा झालेला क्षयही मागे अवरोध ठेवून जाऊ शकतात.

आणखी एक कारण गिरण्यांचे. कापसाच्या धुळीमुळे 'बिसिनोसिस' नावाचा विकार होतो. ब्लो-रूम व कार्डिंग खात्यात काम करणाऱ्याची छाती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीत आवळल्यासारखी होते, हे त्याचे चमत्कारिक लक्षण. अहमदाबादेस १९६६ साली स्थापन झालेल्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने गिरणी-कामगारांतील या विकाराचा अभ्यास केला आहे. सुरतेच्या लूमवर बहुतेक कृत्रिम धागा चालतो, म्हणून हा विशिष्ट रोग येथे कमी संभवतो. परंतु कोंदट खाते आणि तेथे ओढलेली विडी फुप्फुसांस सवलत देत नाहीत.

निदानासाठी फुंकर पुरते! इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन याने १८४६ साली श्वासमापक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आज रोगी खोल श्वास घेऊन नळीत सर्व जोरानिशी फुंकतो, आणि एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, ते पाहतात. नलिका रुंदावणारे औषध देऊनही हा भाग सात-दशांशाहून कमी राहिला, तर अवरोध कायमचा आहे असे समजतात. ज्यास पायाची सूज दाखविण्यास लाज वाटत नाही, त्याने रोजी बुडेल या भीतीने खोकला लपवावा, हे आम्हांस समजत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची क्षयतपासणीही अवश्य करावी.

उपचारांविषयी सर्वांत मोठा गैरसमज पंपाचा. 'पंपाची सवय लागते', 'तो शेवटचा उपाय', असे सुशिक्षित पालकही बोलतात. साधा हिशेब पाहा: साल्ब्यूटामॉलच्या गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्शाइतके. ते थेट नलिकांत पोहोचते. पोटातून साऱ्या शरीरभर फिरत नाही. दम्यात सूज उतरविणारा दुसरा पंप डॉक्टरांच्या सल्ल्याने बरे वाटत असतानाही चालू ठेवावा लागतो व तो घेतल्यावर चूळ भरावी लागते. तो नीट घेणारा मुलगा कवायतीतून वगळण्याचे कारण नाही. झिजलेले वायुकोश मात्र कोणतेही औषध पुन्हा घडवीत नाही. विडी सोडल्याने पुढील झीज मंदावते, आणि ती कोणत्याही वयात सोडली तरी लाभ होतो. शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडल्यास कोंडलेली हवा थोडी अधिक बाहेर पडते.

परंतु ओठ निळसर दिसू लागले, किंवा रोग्यास एक वाक्यही सलग बोलता येईना, तर पंप देत देत त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये.