पेटी बेसूर नव्हती

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर ज्याचे अर्धे आयुष्य ऑर्गनच्या भात्यावर पाय ठेवून गेले, त्या वादकाला नागपूरच्या एका श्रवणयंत्र-विक्रेत्याने, पेटी न पाहता व न ऐकता, खुर्चीत बसल्या बसल्या ‘तुमची पेटीच बेसूर झाली असेल’ असे सुनवावे, हे मी अद्याप विसरू शकलेलो नाही. ही कैफियत मी मांडतो आहे ती केवळ संताप मोकळा करण्यासाठी नव्हे. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या टापूत माझ्या वयाचे जे गायक-वादक कानाचे मशीन घेण्याच्या विचारात असतील, त्यांना आगाऊ खबर असावी, हाही हेतू आहे.

संभाषणापुरते त्या विक्रेत्याकडून घेतलेले यंत्र निर्दोष होते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. नातवंडांचे बोलणे, स्टेशनवरील घोषणा, फोनवर ठेकेदाराने सांगितलेली नाटकाची तारीख, सारे स्वच्छ ऐकू येई. घात झाला तो स्वराशी. हंगामातील पहिल्याच नाटकात नांदीसाठी काळी दोनचा षड्ज धरला, आणि तो क्षणभर सरळ राहून मग थरथरू लागला, जणू त्याच्या अंगाला अंग लावून दुसरा एखादा क्षीण स्वर उभा राहिला होता. स्वर तसाच धरून ठेवला तर तो आपोआप खाली बसे; बोट उचलले तर पेटी गप्प झाल्यावरही कानात एक बारीक सूर रेंगाळे. पितळी पट्ट्यांत कचरा अडकला असेल म्हणून पेटी उघडविली. कारागिराने एकेक स्वर ताडून पाहिला व काहीही दोष नाही असा निर्वाळा दिला.

पुढच्या एका प्रयोगात, उत्तररात्री, नायकाचे पद चालू असताना मी डाव्या कानातील यंत्र काढून खिशात टाकले. डाव्या कानाला षड्ज मंद, परंतु सुतासारखा सरळ ऐकू आला. उजव्या कानाला, यंत्रातून, तोच षड्ज थरथरत होता. पेटी एक, स्वर एक, क्षणही एकच, आणि दोन कानांच्या दोन साक्षी! इतके दिवस ज्या वाद्यावर आणि ज्या बोटांवर संशय घेतला जात होता, ती दोन्ही त्या क्षणी निर्दोष ठरली. सहकाऱ्यांच्या नजरेत माझ्याविषयी जी शंका डोकावू लागली होती, तिचे उत्तर मला मिळाले होते.

हे सर्व त्या विक्रेत्यापुढे ठेवले, तेव्हा प्रथम ‘काकाजी, या वयात सवय व्हायला वेळ लागतो’ हे, नंतर पेटीविषयीचे ते उद्गार, आणि शेवटी याहून महाग यंत्राची शिफारस, असा त्यांचा क्रम राहिला. संगणकाला यंत्र जोडून तपासण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, आणि यंत्रात कोणत्या योजना चालू ठेवल्या आहेत याचा लेखी तपशील मागितला तो नामंजूर केला.

खुलासा मिळाला तो दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडून. यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात फीडबॅक कॅन्सलर नावाची एक योजना असते. अखंड, एकाच उंचीचा स्वर आला की ती त्याला स्वतःचीच शिट्टी समजते आणि त्याच्या विरुद्ध आवाज निर्माण करून तो मिटवू पाहते. थरथर त्यातून उपजते, आणि बोट उचलल्यावर उरणारा सूरही त्या योजनेचाच. दुसरी योजना गोंगाट दाबणारी. बोलणे अक्षरागणिक चढते-उतरते, पंख्याची घरघर एकसारखी राहते, या भेदावर तिचा सारा निवाडा; म्हणून तानपुऱ्याचा किंवा पेटीचा धरलेला षड्जही तिच्या लेखी पंखाच.

म्हणून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागून घ्यावा, आणि त्यात शिट्टी रोखणारी, गोंगाट दाबणारी, केवळ समोरचाच आवाज टिपणारी व उंच स्वर खाली ओढून आणणारी, या चारही योजना बंद, निदान शक्य तितक्या मंद, करवून घ्याव्यात. मोठ्या-लहान आवाजांतील अंतर यंत्र किती आवळते तेही विचारावे. गाण्यासाठी ते सौम्य हवे, नाहीतर गायकाचा हळुवार सूर आणि तबल्याची थाप एकाच मापाची होतात. दुकानात जाताना हार्मोनियम बरोबर न्यावी, तिच्यावर लांब षड्ज धरावा, आणि मगच पैसे मोजावेत. स्वतःचा आवाज हंड्यातून आल्यासारखा घुमत असेल तर कानातील गुंडीचे छिद्र मोठे करता येते का, हे गायकांनी अवश्य पाहावे.

एक दोष मात्र संगणकावर बसून दूर होत नाही. साधे संभाषण ६५ डेसिबलच्या आसपास असते. संगीताची शिखरे १०० डेसिबल सहज ओलांडतात, आणि आमच्या मंडपात ऑक्टोपॅड व ध्वनिक्षेपक यांच्या मध्ये बसणाऱ्याची गत काय सांगावी! पुष्कळ यंत्रांचे प्रवेशद्वार ९५ डेसिबलच्या सुमारास तुंबते, आणि तेथे फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. तेव्हा खरेदीपूर्वी ही मर्यादा विचारावी, व उत्तर लेखी घ्यावे. कॅनडातील ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन, ज्यांनी संगीतकारांच्या कानांसाठीच कार्य केले आहे, यांचा एक स्वस्त उपाय असा की, यंत्राच्या मायक्रोफोनवर चिकटपट्टीचे काही थर लावावेत, म्हणजे आत शिरणारा आवाजच कमी होतो. मला त्याचा प्रत्यक्ष लाभ झाला; प्रयोग संपताच पट्टी काढावी, नाहीतर बोलणे ऐकू येत नाही.

बाकीच्या गोष्टी सर्वश्रुत आहेत: यंत्र पावसाळ्यात कोरडे ठेवावे, मळ साफ करावा, धीर धरावा. पण धीर धरावयाचा तो परत करण्याची मुदत संपेपर्यंत नव्हे! ती मुदत पावतीवर तारखेसह लिहून घ्यावी. यंत्राचा क्रमांक व केलेल्या जुळणीचा छापील कागदही मागावा. हे कागद हाती असतील तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे २०१९ च्या कायद्याखाली तक्रार दाखल करता येते. माझ्यापाशी ते नव्हते, आणि विक्रेत्याने तेवढ्याचाच फायदा घेतला.

तरुण वादकांनी हंगामभर कानांत संगीतकारांसाठी मिळणारे बोळे घालून बसावे, आणि होळीनंतर मंडप उतरले की दरवर्षी ऑडिओग्राम काढून तो मागील वर्षीच्या कागदाशी ताडून पाहावा.