पॉलिथीन, चिकटद्रव्य आणि प्लाझ्मा

भोर व वेल्हे या डोंगरी भागात पावसाळ्यात पाणी उदंड असते. पण उन्हाळ्यात अनेक वाड्यावस्त्यांना टंचाई जाणवते. उतारावरून पाणी आणणारी पॉलिथीनची नळी अशा दिवसांत फुटली, की वस्तीचे पाणीच तुटते. पीव्हीसी नळ्यांचे सोल्युशन लावून ती जोडू पाहिल्यास जोड लवकरच निखळतो. हा दोष कारागिराचा नसून पॉलिथीनच्या गुणधर्माचा होय.

चिकटद्रव्य पृष्ठभागावर नीट पसरले तरच ते धरून राहते. पॉलिथीन केवळ कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब साखळ्यांचे बनलेले असते. त्याची पृष्ठऊर्जा दर सेंटिमीटरला सुमारे 31 डाईन इतकी अल्प, तर पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 डाईन असतो. म्हणूनच स्वच्छ काचेवर पसरणारा पाण्याचा थेंब पॉलिथीनवर गोळा होऊन राहतो. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल.

यावरील एक उपाय म्हणजे प्लाझ्मा-प्रक्रिया. घन, द्रव व वायू यांच्यापुढील ही पदार्थाची चौथी अवस्था. आकाशातील विजेच्या मार्गात ती क्षणभर निर्माण होते. कारखान्यात विद्युत्‌दाबाने वायूचा प्लाझ्मा करून त्याखालून प्लॅस्टिक नेतात. पृष्ठभागावरील काही रासायनिक बंध तुटून तेथे ऑक्सिजनयुक्त गट जोडले जातात, पृष्ठऊर्जा वाढते आणि शाई, रंग वा चिकटद्रव्य पकड घेते. हा बदल मिलिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीपुरताच असल्याने प्लॅस्टिकचे बळ कमी होत नाही. दुधाच्या पिशवीवरील छपाई टिकते, ती छपाईपूर्वी केलेल्या याच जातीच्या ‘कोरोना’ प्रक्रियेमुळे. अशी तंत्रे उद्योगांपर्यंत नेण्यासाठी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने 1997 साली स्वतंत्र केंद्र स्थापन केले.

तथापि, या प्रक्रियेचा परिणाम कालांतराने ओसरतो. त्यामुळे छपाई वा जोडकाम लवकर उरकावे लागते. फुटलेल्या नळीसाठी, म्हणून, निराळाच मार्ग योग्य ठरतो. प्रथम नळीचा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. तरंगला तर पॉलिथीन, बुडाला तर पीव्हीसी. पीव्हीसीला सोल्युशन चालते. पॉलिथीनची टोके मात्र सुमारे 210 अंश सेल्सिअसला तापवून एकजीव करावीत, अथवा आवळून बसणारे कॉम्प्रेशन जोड वापरावेत. ग्रामपंचायतींनी असे काही जोड उन्हाळ्यापूर्वीच संग्रही ठेवल्यास वस्तीचे पाणी फार काळ तुटणार नाही.