निवासींमधील छळाच्या तक्रारीची चौकशी

वृद्ध शुश्रूषा निवासात छळ झाला म्हटले की संशय प्रथम कर्मचाऱ्यांवर जातो. परंतु एकाच खोलीतील दोन निवासींमध्येही मारहाण, धमकी, क्वचित लैंगिक त्रासही घडू शकतो. अशी तक्रार आल्यास काय व्हावयास हवे, हे कुटुंबीयांना ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम दोघांना वेगळे करावे व तक्रारदाराची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करावी. खोली शक्यतो तक्रारदाराची बदलू नये. अन्यथा तक्रार करणे हीच शिक्षा ठरते. नंतर प्रत्येकाशी एकांतात बोलावे. ‘त्यांनी मारले का?’ असे न विचारता ‘आजी, काय झाले?’ एवढेच विचारावे व उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह नोंदवावे. आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना वहीतील खाडाखोड खपत नाही. येथेही ती खपू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस दिवस आठवला नाही, एवढ्याने तिची तक्रार खोटी ठरत नाही. अंगावरील वळ, अचानक तुटलेले जेवण, विशिष्ट व्यक्ती दिसताच वाटणारी भीती यांची दखल घ्यावीच लागते. आरोप असलेल्या निवासीचीही तपासणी आवश्यक असते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वेदना किंवा औषधातील बदल यांमुळे शांत वृद्धही एकाएकी आक्रमक होऊ शकतो. कारण आजार असला, तरी दुसऱ्याच्या संरक्षणात ढिलाई नको.

गंभीर इजा वा लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास कपडे न धुता पोलिसांना तत्काळ कळवावे. संस्थेच्या नावासाठी प्रकरण आपसांत मिटवू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनाशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी असून कुटुंबीयही तेथे दूरध्वनी करू शकतात.